डॉक्टरांच्या शेजारची जागा

किर्गिझस्तानच्या सहलीतून यमुनाबाईंना मिळण्यासारखं एकच होतं: मुलाच्या शेजारी बसायला तासभर. डोंगर, तळी, घोडे हे बाकी सगळं त्यांच्या लेखी वरकड.

मुलगा रणजित डॉक्टरी शिकायला त्या देशात गेला आणि शिकून झाल्यावर तिथल्याच कॉलेजात परदेशी मुलांना शिकवायला लागला. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील, भीमराव, वारले. तो आला नाही. तेराव्याला नाही, वर्षश्राद्धालाही नाही. का आला नाहीस, असं यमुनाबाई फोनवर विचारायला लागल्या की तिकडची रेंज जायची. जेवलास का, असं विचारलं की परत यायची. "मी येते तिकडं," म्हटलं की तो म्हणायचा, "आत्ता नको आई, परीक्षा आहेत." त्या कॉलेजात बाराही महिने परीक्षा चालत.

यमुनाबाई फार शिकलेल्या नव्हत्या, पण हिंजवडीच्या जमिनीच्या व्यवहारात त्यांनी मोठमोठे बिल्डर पाहिले होते आणि चुकवणारा माणूस त्यांना लांबून ओळखू यायचा. त्यांनी विचार केला तो असा. समोर बसलेल्या माणसाला फोन ठेवता येत नाही. चालत्या बसमध्ये खिडकीशी बसलेल्याला तर उठूनही जाता येत नाही. आणि मुलाकडे जायचं तर मुलाची परवानगी लागते, देश बघायला जायचं तर लागत नाही. पुतण्याकडून त्यांनी कोथरूडच्या एका ट्रॅव्हल कंपनीत नाव घातलं आणि रणजितला फोन केला. "मी तुझ्याकडं येत न्हाई. सहलीला येतीया. जमलं तर भेट."

"तारीख कळव," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

निघण्याआधी कंपनीने सगळ्यांना ओळख करून घ्यायला बोलावलं. कोथरूडमधल्या एका सोसायटीचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, वेफर्स. टूर लीडर तेजस हातात माइक घेऊन उभा होता. खरं तर माइकशिवायही तो कर्वे रस्त्यापर्यंत ऐकू गेला असता.

"मंडळी, हा ऑफबीट देश आहे. इथे अजून आपली गर्दी पोचलेली नाही. सोलो गेलात तर भाषेचे वांधे, व्हेज जेवणाचे वांधे. ग्रुपमध्ये आपला कुक, सकाळी आपला चहा, आजारी पडलात तर बघायला माणसं. आणि मेन म्हणजे कोणाला लोनली वाटत नाही."

"म्हणजे एकटं सोडत नाहीत," पहिल्या रांगेतून दुर्गाबाई म्हणाल्या. दुर्गाबाई निवृत्त मुख्याध्यापिका. एकट्याच येत होत्या, म्हणून कंपनीने त्यांची आणि यमुनाबाईंची खोली एक केली होती. त्यांनी यमुनाबाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आपण घोरता का?"

"मला कसं कळंल? मी झोपलेली असती."

"उत्तर बरोबर आहे," दुर्गाबाई म्हणाल्या आणि तिथून दोघींचं जमलं.

मागच्या रांगेत आमोद आणि त्याची बायको अपूर्वा होती. आमोद आयटीतला. "काकू, हिंजवडीच्या का? माझं ऑफिस तिथेच. तुम्ही कुठल्या फेजला?"

"फेज न्हाई. वावर होतं आमचं, ज्वारीचं. आता तिथं तुमच्या गाड्या लागत्यात."

आमोद हसला. मग पार्किंग लांब पडतं अशी तक्रारही त्याने करून घेतली, जणू ते त्यांनीच मुद्दाम तिकडे पेरलं होतं.

इथवर सगळं ठीक होतं. पण ओळख करून देताना यमुनाबाई एक वाक्य जास्त बोलल्या. कुठलीही आई बोलली असती. "माझा मुलगा तिथं डॉक्टर हाय. भेटायला येणार हाय."

हॉलमधल्या खुर्च्या करकरल्या. दुर्गाबाईंना उजवा गुडघा आठवला. हिंमतराव नावाचे एक निवृत्त अधिकारी होते, त्यांना बारावीतला नातू आठवला. अपूर्वा आपल्या प्रवासाचे व्हिडिओ करायची, तिला तिथली भाषा बोलणारा मराठी माणूस हवाच होता. सहलीच्या फायद्यांत एका फायद्याची भर पडली होती आणि तो सगळ्यांचा होता.

बिश्केकला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मोठ्या तळ्याकडे जायचं होतं. जायला चार तास, यायला चार. सकाळी हॉटेलच्या दारात रणजित उभा होता. पोट थोडं सुटलेलं, केस विरळ. त्याने आईच्या पायाला हात लावला, आणि लगेच दुर्गाबाईंच्या, आणि हिंमतरावांच्या. पाया पडणं संपेपर्यंत आईकडे बघायची वेळ निघून गेली.

"दिवसभर येतोस न्हवं?" यमुनाबाईंनी विचारलं.

"येतो ना. सुट्टीच घेतलीये."

बसमध्ये दोघींचं बाक होतं. दुर्गाबाई न सांगता उठून मागे गेल्या. यमुनाबाईंनी खिडकीची जागा हाताने पुसली. "बस हितं."

"डॉक्टर, एक मिनिट इकडे येता?" आमोदने हाक मारली. "बाजारात घासाघीस करायची तर काय म्हणायचं, तेवढं सांगा."

"डॉक्टर, आमचा नातू बारावीला आहे," हिंमतरावांनीही सुरुवात केली.

"अहो, रांगेत या की," दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शाळेचा होता, त्यामुळे बस शांत झाली. आपल्याकडच्या सहलीत एक पद्धत असते. बसमधली जागा कायमची कोणाची नसते. रोज प्रत्येकाने दोन रांगा पुढे सरकायचं, म्हणजे पुढची काच सगळ्यांना मिळते आणि भांडणं होत नाहीत. दुर्गाबाईंनी तोच नियम डॉक्टरांना लावला. डॉक्टर प्रत्येकाच्या शेजारी थोडा वेळ बसतील. कोणी जास्त वेळ अडवायचं नाही.

"आणि यमुनाबाई शेवटी," त्या म्हणाल्या. मग वाकून हळू आवाजात, "परतीचा अख्खा रस्ता तुम्हाला ठेवलाय. मध्ये कोणी येणार नाही. निवांत बोला." खोलीत दोघींचं बोलणं झालं होतं, भीमरावांबद्दल आणि न आलेल्या मुलाबद्दल. दुर्गाबाईंनी हे मनापासून केलं होतं. त्या बसमध्ये यमुनाबाईंचं भलं चिंतणारी ती एकटी बाई होती, आणि वाटणी तिनेच केली.

यमुनाबाईंनी रणजितकडे पाहिलं. "मला काय, सगळे आपलेच," तो म्हणाला आणि पुढे आमोदकडे गेला. त्याचे खांदे खाली आले. जमिनीचा सौदा पुढच्या आठवड्यावर गेला की समोरच्या माणसाचे येतात तसे.

मग दिवसभर रणजित वाटला गेला. आमोदच्या शेजारी तो बराच वेळ खालच्या आवाजात बोलत होता. हिंमतरावांना त्याने कॉलेज, हॉस्टेल, तिथली थंडी, सगळं समजावलं. तळ्याकाठी अपूर्वाने त्याला घोडीच्या दुधाचा पेला हातात देऊन उभं केलं आणि तीनदा प्यायला लावलं, कारण पहिल्या दोन वेळा ती स्वतः नीट दिसत नव्हती. दुर्गाबाईंचा गुडघा त्याने दगडावर बसून दाबून पाहिला आणि दोन व्यायाम शिकवले. जेवताना तो वाढायलाही उभा राहिला. यमुनाबाईंच्या ताटात भात वाढून म्हणाला, "आई, तूप घे." एवढं बोलणं त्यांच्या वाट्याला आलं.

परतताना तो आपणहून येऊन खिडकीशी बसला. बस निघाली. यमुनाबाईंनी पदर सारखा केला. दोन वर्षं घोकलेला प्रश्न ओठावर होता. तेवढ्यात त्याने डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले.

"दमला बिचारा," हिंमतराव म्हणाले. "शू," दुर्गाबाई मागे वळून म्हणाल्या. तेजसने माइक बंद केला. अपूर्वाने फोनचा आवाज बंद केला. जी मंडळी पुण्यापासून एक क्षण गप्प नव्हती ती रणजितच्या झोपेसाठी गप्प झाली. काय बोलायचं ते बोलावं, अशी शांतता शेवटी मिळाली, तर ऐकणारा झोपलेला.

यमुनाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. लहानपणी झोपला की त्याचं तोंड उघडं राहायचं, हात जड व्हायचा. आता ओठ घट्ट मिटलेले होते. खड्ड्यात बस आदळली की पापण्या आवळल्या जात. त्यांनी हात त्याच्या हातावर ठेवला. हात जड नव्हता. त्याने तो काढूनही घेतला नाही.

उठवावं, असं त्यांना वाटलं नाही असं नाही. पण जो जागा आहे त्याला उठवायचं कसं?

अंधार पडायच्या सुमारास शहर आलं. रणजितने डोळे उघडले, वेळेवर. "माझी खोली इथून जवळ. उतरतो." बसभर हात हलले. तो पुन्हा आईच्या पाया पडला. "जपून जा," तो म्हणाला. "तू बी," त्या म्हणाल्या. खाली उतरून तो काचेसमोर उभा राहिला, बस हलेपर्यंत.

पुण्यात आल्यावर फोटो बघायला सगळे दुर्गाबाईंच्या घरी जमले. टीव्हीवर तळं आलं, घोडे आले, आणि सारखा रणजित आला. प्रत्येकाच्या फोनमध्ये तो होता. यमुनाबाई एकेकाला विचारत होत्या, "तुमच्याशी काय बोलला?" लोकांना वाटलं, आईला कौतुक ऐकायचंय, आणि ते भरभरून सांगायला लागले. अपूर्वाला तो म्हणाला होता की दाण्याची चटणी तिथे हाताने कुटतो. हिंमतरावांना म्हणाला होता की पोरं इथे रमतात. नातवाची ॲडमिशन झाली होती, आणि तिकडे बघायला रणजितकाका होताच.

"आणि माझ्याशी तर काय, मन मोकळं केलं त्याने," आमोद उपम्याची ताटली घेत म्हणाला. "काका गेले तेव्हाचं. तिकीट काढलं, एअरपोर्टला गेला, बॅग आत दिली, आणि मागे फिरला. म्हणे, घरी गेलो असतो तर आईने परत जाऊ नको म्हटलं असतं, आणि मी थांबलो असतो. मग तिकडचं सगळं सुटलं असतं. तेव्हापासून तुमच्यासमोर बोलायचं धाडस होत नाही म्हणाला." त्याने चमचा उचलला. "तुम्हाला माहीत असेलच की, काकू."

उपमा वाढणाऱ्या दुर्गाबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला.

"माहीत हाय," यमुनाबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आनिक काय म्हणाला?"

"बाकी मग बाजारातल्या टोपीचंच. ती लोकरीची पांढरी, उंच. निम्म्या भावात मिळाली."

त्या टीव्हीकडे बघू लागल्या. दुर्गाबाई शेजारी येऊन बसल्या. "मी तुम्हाला आधी बसवायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"न्हाई बाई. आधी बसवलं असतं तर सकाळीच झोपला असता."

हिशेब करायचा तर सहल कोणालाच महाग पडली नाही. दुर्गाबाईंचा गुडघा आता जिना चढतो. आमोदला टोपी मिळाली. अपूर्वाचा व्हिडिओ बऱ्याच लोकांनी पाहिला, हिंमतरावांच्या नातवाची सोय झाली. रणजितला आईला भेटल्याचं समाधान मिळालं आणि प्रश्न विचारणारं कोणी भेटलं नाही. यमुनाबाईंनी विचारायला जपून ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तरसुद्धा मिळालं, पण ते ज्याने प्रश्न केलाच नव्हता त्या आमोदला, बसच्या पहिल्याच फेरीत. या सगळ्यांची मिळून जी किंमत द्यायची होती, मुलाच्या शेजारचा तो एक तास, ती यमुनाबाईंनी एकटीने दिली.