शनिवारी रडणारी अंबाबाई

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमध्ये सुरेखाताईंच्या घरची अंबाबाईची पितळी मूर्ती दर शनिवारी आरतीच्या वेळी रडत असे. इतर दिवशी तिचे डोळे कोरडे असत.

मी इथल्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करतो. जानेवारीत त्यांच्याकडे प्रथम गेलो तेव्हा खोलीत दाटीवाटीने माणसे बसली होती, खिडक्या बंद होत्या, भाताचा कुकर नुकताच उघडला होता. दारातच माझा चष्मा धुरकटला. आरती सुरू झाली आणि देवीच्या डोळ्यातून थेंब ओघळला. सगळ्यांनी हात जोडले. बोलले ते यशोधन, मराठीत जर्मन शब्द पेरत; आठवडाभर मोटार कारखान्यात अभियंता, शनिवारी ऊर्जातज्ज्ञ.

"धातूला स्मृती असते. घडवणाऱ्याच्या मनातला दोष मूर्तीत उतरतो. क्वांटम आहे हे, गेनाऊ, अगदी तेच."

"मग तुमच्या गाड्या का रडत नाहीत?" मी विचारले.

"त्यांना डोळे नाहीत." लोकांना हे पटले.

मूर्ती घडवली होती सुरेखाताईंच्या वडिलांनी, कोल्हापूरकडच्या विष्णू ओतारींनी. मेणाची मूर्ती करायची, तिला मातीचा लेप द्यायचा, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, हे काम गावात आता ते एकटेच करत. इथल्या मंडळींनी त्यांना मूर्ती करायला सांगितल्या होत्या. पण यशोधनचे हेच म्हणणे ऐकून सर्वांनी, मी येण्यापूर्वीच, त्या नको म्हणून कळवले होते.

"बाबांना मीच कारण सांगितलं," सुरेखाताई म्हणाल्या. "तर म्हणाले, माझ्याच हातून काही राहिलं असेल, पोरी."

"मूर्ती एरवी कुठे असते?"

"खाली केलरमध्ये, तळघरात. फ्लॅट लहान ना. आरतीपुरती वर आणते."

पुढच्या शनिवारी माझ्या सांगण्यावरून मूर्ती आदल्या दिवसापासून वरच ठेवली. केलरमधून आयत्या वेळी आणला एक पितळी तांब्या. आरती संपली. मूर्ती कोरडी होती, तांब्या घळाघळा पाझरत होता.

"यशोधनभाऊ," सुरेखाताई म्हणाल्या, "ह्या तांब्याचं काय दुखतंय हो?"

"आल्झो, तो वेगळा विषय आहे," म्हणत यशोधन बूट शोधू लागले.

सुरेखाताईंनी तिथूनच वडिलांना स्पीकरवर फोन लावला. ओतारींनी सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं."

"नाही, बाबा."

"बरं झालं, कळलं. पण भट्टी मोडली गं मी. परवा पितळेच्या तुकड्यावर डोळा कोराया छिन्नी लावली. हात पुढं जाईना."



उबदार खोलीतील बाष्प गार धातूवर जमत होते. अंगावरचे पाणी देवीच्या लुगड्यात जिरे. चेहऱ्यावरचे डोळ्यांत साठे, कारण ओतारी डोळे सर्वांत शेवटी आणि फार खोल कोरत. तिथून ते ओघळे. चमत्कारापुढे हात जोडण्याआधी निदान एवढे विचारावे: ही वस्तू काल कुठे होती?

मूर्ती रडण्याचे कारण थंड तळघर होते. भट्टी मोडण्याचे कारण हे की, त्या खोलीत हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला नाही.