झाडाला बांधायचा नारिंगी फडका

मी एक जुना नारिंगी फडका आहे. वीतभर रुंद, चार हात लांब, दोन्ही टोकांना बंद शिवलेले. रंग असा भडक की बघणाऱ्यानं डोळे चोळावेत. आणि मित्रांनो, आज माझं डोकंही तितकंच भडकलेलं आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा हळू आवाजात, उसासे टाकत सांगतात म्हणे. माझ्याच्यानं ते व्हायचं नाही. मी चिडलोय आणि चिडूनच सांगणार आहे.

माझा जन्म मिसूरी राज्यातल्या ओझार्क डोंगरात, ओलिटाच्या शिवणयंत्रावर झाला. ओलिटा रस्तेखात्यात कामाला होती. डांबर टाकणाऱ्या टोळीच्या पुढे 'थांबा' लिहिलेली पाटी धरून ती दिवसभर उभी राहायची. तिथलं एक भलंमोठं नारिंगी कापड फाटलं, ते तिनं घरी आणलं आणि त्यातून दोन फडके काढले. एक मी, तिच्या नवऱ्यासाठी, होलिससाठी. दुसरा माझा जुळा भाऊ, तिच्या पाठच्या भावासाठी, वर्लिनसाठी. एप्रिल लागला की ह्या दोघा मेहुण्यांना टर्कीच्या, म्हणजे कोंबडीहून मोठ्या त्या रानपक्ष्याच्या, शिकारीशिवाय काही सुचायचं नाही. दोघेही सरकारी जंगलात जायचे.

ही शिकार कशी असते ते सांगतो, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही. माणूस पानापानांच्या छापाचे कपडे घालतो, तोंडाला जाळी लावतो, झाडाला पाठ टेकून दगडासारखा बसतो आणि लाकडी डबीचं झाकण घासून टर्कीच्या मादीसारखा आवाज काढतो. मग नर गडगड ओरडत जवळ येतो. आता जंगल पडलं सरकारी, म्हणजे सगळ्यांचं. ओढ्याच्या अलीकडे एक न दिसणारा माणूस मादीचा आवाज काढतोय, पलीकडे दुसरा न दिसणारा माणूस तो आवाज ऐकतोय, आणि दोघांच्याही हातात छऱ्यांची बंदूक आहे. सांगा बरं, ह्यात मी नको का?

ओलिटानं आम्हाला दोघांच्या हातात दिलं तेव्हा स्वयंपाकघरात चांगलीच जुंपली.

"हे काय? टर्कीला रंग दिसतात, माहीत आहे ना तुला?" होलिस म्हणाला. "मैलभर लांबून पळतील."

"टर्की हललेल्या माणसाला बघून पळतात. फडका हलत नाही, तू हलतोस. सारखा खाजवत असतोस."

वर्लिन फिदीफिदी हसला. ती त्याच्याकडे वळली. "तू दात काढू नकोस. दोघंही कान उघडे ठेवून ऐका. बसलात की डोक्याच्या वर झाडाला बांधायचा. उठून चालायला लागलात की पाठीवर टाकायचा. पक्षी मिळाला तर त्याच्यावर गुंडाळून आणायचा, नाहीतर खांद्यावरचा मेलेला पक्षी बघून दुसरा कुणीतरी बार काढेल. आणि समोर माणूस दिसला तर हात हलवायचा नाही. हाताची हालचाल लांबून पक्ष्यासारखीच वाटते. तोंड दिलंय ना देवानं? ओरडायचं, 'माणूस आहे!' म्हणून."

"आणि आवाजाच्या मागं जायचं नाही," वर्लिन शाळेतल्या पोरासारखा म्हणाला. "कळलं ताई, कळलं."

कळलं म्हणे!

पहिली पाच वर्षं चांगली गेली, हे मी कबूल करतो. दुसऱ्या ओढ्यापलीकडे पांढऱ्या ओकच्या झाडांची एक सपाट जागा होती. ती होलिसची लाडकी जागा. पहाटे तो मला तिथल्या एका जाड बुंध्याला बांधायचा आणि खाली बसायचा. आजूबाजूच्या डॉगवूडच्या झाडांना पांढरा बहर आलेला असायचा. मी ऊन खात असायचो आणि माझ्यासमोर टर्की यायचे. एकही माझ्याकडे बघून पळाला नाही. त्या पाच वर्षांत होलिसनं चार नर मारले आणि चारही मला गुंडाळून घरी नेले. ओलिटा मला धुवायची आणि वाळत घालताना म्हणायची, "शहाणा आहेस." कुणाला म्हणायची कोण जाणे, पण मी माझंच कौतुक समजून घ्यायचो.

सहाव्या वर्षी एका सकाळी झुडपं हलली. एक अनोळखी गृहस्थ होलिसच्या डबीच्या आवाजावर सरपटत आला होता. बंदूक खांद्याला लावलेली, बोट चापावर. त्याची नजर माझ्यावर पडली आणि त्याचा चेहरा पांढराफटक झाला. "अरे देवा, माणूस आहे!" तो पुटपुटला. त्यानं नळी खाली केली, दोनदा माफी मागितली आणि आला तसा निघून गेला.

मित्रांनो, मी होलिसचा जीव वाचवला होता. मला वाटलं, आता हा मला छातीशी धरेल. ह्यानं काय केलं असेल? दात-ओठ खात मला झाडावरून ओरबाडून काढलं. "तुझ्यामुळं त्याला माझी जागा कळली," असं मला म्हणाला. मला! आणि चुरगळून जाकिटाच्या आतल्या खिशात कोंबलं.

तिथल्या शिकाऱ्यांचा हा रोगच आहे. स्वतःच्या बायकोचं वय सांगतील, पगार सांगतील, पण टर्की कुठे येतात ते सांगणार नाहीत. गाडी मैलभर लांब लावतील, वाकडी वाट धरतील, सख्ख्या माणसाशी खोटं बोलतील. जंगल सगळ्यांचं असलं तरी जागा माझी! आणि जागा लपवायची म्हटल्यावर नारिंगी फडका कोण बांधणार?

पुढची सहा वर्षं मी खिशात काढली. सोबतीला तंबाखूची डबी आणि एक जुनाट खोकल्याची गोळी. बाहेर वसंत यायचा आणि जायचा. त्याहून संताप आणणारी गोष्ट पुढे आहे. शिकारीचा हंगाम संपला की घरी जाण्यापूर्वी होलिस मला बाहेर काढायचा, ओकच्या सालीवर घासायचा, जरा चिखल लावायचा आणि मग ओलिटाच्या हातात द्यायचा.

"बांधला होतास ना रे रोज?"

"हो गं बाई. बघ ना किती मळलाय."

ती बिचारी समाधानानं मला धुवायची. मला तोंड असतं ना, तर तिथल्या तिथं ओरडलो असतो.

माझ्या जुळ्या भावाची तर ह्याहून वाईट गत झाली होती. वर्लिन त्याच्यानं गाडीच्या इंजिनाचं तेल पुसायचा.

मग गेल्या वर्षीचा हंगाम आला. पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी दोघे मेहुणे ओलिटाच्या टेबलाशी तळलेले मासे खात बसले होते. होलिस म्हणाला, "मी उद्या उत्तरेच्या कड्यावर जाणार." वर्लिन म्हणाला, "मला काही जमायचं नाही बाबा, कंबर धरलीय. झोपून राहतो." मी खुंटीवरच्या जाकिटात होतो, सगळं ऐकत होतो. दोघेही धादांत खोटं बोलत होते आणि दोघांनाही दुसऱ्याचं खरं वाटत होतं. वर्लिननं आदल्याच आठवड्यात ती सपाट जागा शोधून काढली होती. ती होलिसची आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. अकरा वर्षांत होलिसनं तिचा शब्दसुद्धा काढला नव्हता ना.

दुसऱ्या दिवशी उजाडताना होलिस ओढा ओलांडून चढत होता. पुढे नराची गडगड ऐकू आली. तो आवाज वर्लिन काढत होता. त्याच्याकडे नराचा आवाज काढायची रबरी नळी होती. होलिसनं डबी घासली. पुढून गडगड आली. त्यानं पुन्हा घासली, पुन्हा गडगड. दोन माणसं एकमेकांना टर्की समजून बोलत होती आणि दोन्ही फडके अंधारात पडून होते.

आणि मग होलिसनं ती चूक केली. बसून वाट बघायची सोडून तो आवाजाच्या मागं निघाला. गुडघ्यांवर, कोपरांवर, पालापाचोळ्यातून. त्याचं काळीज माझ्यावर धाडधाड आपटत होतं. अरे थांब, मी म्हणत होतो, थांब, मला काढ, मला पाठीवर टाक, पुढे माणूस असला तर निदान त्याला तरी तू दिसशील! चाळीस पावलांवर झुडपाआड काहीतरी लाल हललं. नराचं डोकं लाल असतं. वर्लिन लाल रुमालानं मानेवरचा घाम पुसत होता.

बार झाला.

"अरे! माणूस! माणूस आहे!" कुणीतरी किंचाळलं. होलिसच्या हातातली बंदूक गळून पडली. तो धावला.

"वर्लिन? वर्लिन, तू? तुझी तर कंबर धरली होती!"

"आणि तू उत्तरेच्या कड्यावर होतास, मेल्या!" वर्लिन कण्हत म्हणाला. त्याचा डावा हात चेहऱ्यावर होता आणि बोटांमधून रक्त येत होतं.

तेव्हा, सहा वर्षांनी, होलिसला मी आठवलो. त्यानं मला खेचून बाहेर काढलं आणि वर्लिनच्या डाव्या डोळ्यावर दाबून धरलं. मी रक्त पीत राहिलो. दीड मैल होलिस त्याला खांद्याचा आधार देऊन चालवत होता आणि सारखं म्हणत होता, "डोळा उघडा ठेव, दुसरा उघडा ठेव, बोलत राहा माझ्याशी." वर्लिन बोलत होता. सगळ्या शिव्याच होत्या, पण बोलत होता.

जीव वाचला. डोळा गेला.

इस्पितळात शिकारखात्याची अधिकारी आली. तिनं काय झालं ते विचारलं. होलिस म्हणाला, "बाई, त्याच्या अंगावर नारिंगी काहीच नव्हतं हो." ऐकलंत? बार काढला तेव्हा मी ह्याच्याच खिशात होतो!

"आणि तुमच्या अंगावर?" तिनं विचारलं.

तेवढ्यात ओलिटा कामावरून तशीच धावत आली. भावाला बघून आली आणि बाकावर पडलेल्या मला तिनं उचललं. माझी घडी उलगडली. रक्ताकडे तिनं बघितलंच नाही. घडीच्या आतला माझा रंग ती बघत होती. उन्हात टांगलेलं कापड किती लवकर विटतं, हे रस्त्यावर उभं राहणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको. पहिल्या पाच वर्षांत जेवढा विटलो होतो, त्याहून तसूभरही पुढे विटलो नव्हतो.

"हा झाडावर नव्हता," ती म्हणाली.

"ओलिटा, ऐक..."

"किती वर्षं?"

"सहा."

"सहा वर्षं मी तुझं खोटं धुतलं, होलिस. साबण लावून धुतलं." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती भावाच्या खोलीत निघून गेली आणि पुढचे चार महिने होलिसशी कामापुरतंच बोलली.

वर्लिननं मात्र एक दिवस त्याला घरी बोलावलं. डोळ्यावर काळी पट्टी होती. "इतकी वर्षं मला गाढव म्हणायचास, ते चालायचं," तो म्हणाला. "टर्की जरा जास्त झालं." दोघेही हसले आणि मग दोघेही रडले. मला नाही हसू आलं. मी दोघांनाही माफ केलेलं नाही. एकानं मला लपवलं आणि दुसऱ्यानं माझ्या भावाला तेलात बुडवलं. झाल्या प्रकाराला दोघे 'अपघात' म्हणतात. कसला अपघात? असं होऊ नये म्हणूनच आम्हाला शिवलं होतं!

होलिसचा परवाना पाच वर्षांसाठी गेला. ह्या वर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी तो बंदूक न घेता जंगलाच्या फाटकाशी, गाड्या लावतात तिथे, पहाटेच जाऊन उभा राहिला. येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता, "कुठे बसणार? एकमेकांना सांगा रे बाबांनो. नारिंगी आहे ना जवळ?" बहुतेकांनी त्याला उडवून लावलं. "तुला कशाला सांगू? तुझी जागा सांग की आधी!" एकजण म्हणाला.

शेवटी शहरातला एक गृहस्थ आला. चाळिशीचा, कोरे कपडे, महागडी बंदूक. त्याला जंगलाची काहीच माहिती नव्हती आणि त्याच्याकडे नारिंगी चिंधीसुद्धा नव्हती.

होलिसनं मला खिशातून काढलं. "दुसरा ओढा ओलांडा. पांढऱ्या ओकची सपाट जागा लागेल. तिथे नर येतातच. अकरा वर्षं ही जागा मी मेहुण्यापासून लपवली, आणि तिथेच त्याचा डोळा घालवला. घ्या, तुम्हाला दिली. पण हा फडका झाडाला बांधा. आत कोण कुठल्या वाटेनं शिरलंय ते मला माहीत नाही. बांधाल ना?"

"हो हो, काका, नक्की बांधतो. फार आभार," तो गृहस्थ म्हणाला. त्यानं मला गळ्यात घातलं, होलिसचा हात हातात घेतला आणि वाटेला लागला.

पहिल्या वळणापर्यंत मी त्याच्या गळ्यात होतो. होलिस दिसेनासा झाल्यावर त्यानं मागे वळून पाहिलं, मला गळ्यातून काढलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

मित्रांनो, मी आत्ता तिथेच आहे. आत्ताच पुढून गडगड ऐकू आली. पक्षी आहे की कुणाचा भाऊ, कुणाची बहीण, मला सांगता येत नाही. ह्या गृहस्थालाही येत नाही. पण तो वाकलाय. आता गुडघ्यांवर आलाय. त्याचं काळीज माझ्यावर आपटायला लागलंय.

तुमच्यापैकी कुणाच्या खिशात माझ्यासारखा एखादा असेल, तर माझी गोष्ट संपायची वाट बघू नका. त्याला आधी बाहेर काढा.

अहो, बाहेर काढा मला!