हाड संपलं की मी थांबणारच

मित्रांनो, मला कुणी जुना म्हणा, कुणी हट्टी म्हणा. दोन्ही खरं आहे. मोडलेल्या हाडात स्क्रूसाठी भोक पाडणारा मी ड्रिल आहे. कारखान्यात माझ्या पोटात एक जाणीव बसवली गेली : हाडाचा कठीणपणा संपला की आपोआप थांबायचं. कारण हाडापलीकडे मांस असतं, रक्तवाहिन्या असतात.

२०११ साली मी गोंदियातल्या एका खाजगी दवाखान्यात आलो. तिथल्या डॉक्टर गोवर्धनांचा हात मोठा सफाईचा. पण मी मध्येच थांबलो की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "हा डबा मला शिकवते!" म्हणून त्यांनी मला कपाटात टाकलं. त्यांचा साधा ड्रिल बिघडला, तेव्हा कुठे माझी आठवण झाली.

त्या दिवशी टेबलावर सौंदडच्या म्हाताऱ्या मुन्नीबाई होत्या. धानाच्या बांधीत, चिखलभरल्या वाफ्यात, घसरून गुडघ्याखालचं हाड मोडलेलं. कमरेखाली बधिर, पण जाग्या. पहिली भोकं नीट पडली. मग एका ठिकाणी मी डॉक्टरांच्या अंदाजाआधीच थांबलो. डॉक्टरांनी पुन्हा बटण दाबलं. मी हललो नाही.

"काऊन जी, बिघडलं का?" मुन्नीबाईंनी घाबरून विचारलं.

"काही नाही, बाई." डॉक्टर वैतागले. "सिस्टर, याचं आपोआप थांबायचं ऑटो बंद करा. आणखी आत जायचं आहे."

प्रेमिला सिस्टरांनी हात मागे घेतला. "पहिले एक्स-रे पाहून घ्या, सर."

"मी सांगून राहिलो ना!"

"मीही सांगूनच राहिली, सर."

शाबास, मी मनात म्हटलं. पडद्यावर एक्स-रे उमटला. हाड अंदाजापेक्षा पातळ निघालं होतं. माझं टोक आरपार पोचलं होतं, आणि त्याच्या अगदी मागे पायाला रक्त पुरवणारी मोठी नस होती.

"ऑटो राहू द्या," डॉक्टर हळूच म्हणाले.

पुढच्या वर्षी मुन्नीबाईंनी चिखलात उभं राहून धानाची रोवणी केली.

काही वर्षांनी दुरुस्तीवाला आला. "सर, ये सेन्सर निकाल देता हूँ. काम फटाफट होगा."

"हात तो लगा के देख!" डॉक्टर गोवर्धन असे कडाडले की तो दोन पावलं मागे सरला.

मित्रांनो, माझं टोक बोथट झालं तर बदला, माझी जाणीव वेळच्या वेळी तपासून घ्या. एवढी काळजी मी हक्कानं मागतो. पण तुम्हाला घाई आहे म्हणून मला मुकं करू नका. थांबणाऱ्याला भित्रा समजणारे मला पुष्कळ भेटले. त्यांच्या हातातही मी थांबलोच.