उकाड्यातला स्वेटर

नीलमचा हात स्वेटरच्या काठाला लागला न लागला, तोच रसिकाने दोन्ही मुठींनी गळा आवळून धरला आणि खालचा ओठ बाहेर काढला. आता भोंगा सुरू होणार हे ओळखून नीलमने हात मागे घेतला.

"अगं, ऑक्टोबर आहे हा! पोर उकडून निघेल," सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "तू आई आहेस ना तिची? काढ सरळ ओढून. रडली तर रडली."

"नको ना, आई."

आई आहेस ना! तोच तर प्रश्न होता. दीड वर्षाची रसिका कालच दुपारी भाईंदरमधल्या गोडदेवच्या या घरात आली होती. घाटावरच्या दत्तक-संस्थेतून निघताना पहाटेचा गारवा होता, म्हणून तिथल्या ताईंनी हा राखाडी, कोपराशी उसवलेला लोकरी स्वेटर तिच्या डोक्यातून घातला, गालाचा पापा घेतला आणि मागे न बघता आत निघून गेल्या. तेव्हापासून तो तिच्या अंगावरून उतरला नव्हता. एसी फक्त बेडरूममध्ये होता, आणि बेडरूमच्या दारात नेलं की पोर किंचाळायची. कपाळावरचे केस घामाने चिकटले होते, मानेवर घामोळं उठलं होतं. ती नीलमच्या हातून पाणी प्यायची, भात खायची, पण उचलायला गेलं की अंग ताठ करायची.

आणि बेडरूमचं कपाट मात्र तिच्या कपड्यांनी भरलेलं होतं. सगळ्या ऋतूंच्या.

दत्तकासाठी नाव नोंदवलं, पण मूल घरी यायला किती दिवस लागतील, ते उन्हाळ्यात येईल की पावसात, तान्हं असेल की चालतं, कुणीच सांगू शकत नव्हतं. मग नीलमला एक वेडच लागलं. सकाळी उठायचं, बाल्कनीत जाऊन खाडीकडून येणारं वारं अंगावर घ्यायचं आणि आज बाळ असतं तर त्याला काय घातलं असतं, ते पलंगावर मांडून ठेवायचं. उकाड्यात बिनबाह्यांचं मलमलचं झबलं. सततच्या पावसात दमट नसलेली, इस्त्री फिरवलेली लांब विजार आणि पायमोजे. भाईंदरची थंडी ती केवढी, चार दिवसांची पाहुणी; पण तेवढ्या दिवसांसाठीही कानटोपी निघायची. संध्याकाळी सगळं घडी करून परत कपाटात. केबिन रोडवरच्या दुकानदाराने एकदा विचारलं होतं, "कितने महिने का है, भाभी?" आणि ती म्हणाली होती, "पता नहीं." त्या बिचाऱ्याने पिशवीत एक लाळेरं जास्तीचं टाकलं.

नवऱ्याने, कौस्तुभने, या मांडामांडीवर कधी शब्द काढला नव्हता. एकदा डिसेंबरात मात्र ऑफिसला निघताना तो पलंगापाशी थांबला होता आणि कानटोपीचा दुमडलेला बंद त्याने सरळ करून ठेवला होता.

आता मूल आलं होतं, हवा समोर दिसत होती, मापाचं मलमलचं झबलं सोफ्याच्या हातावर तयार होतं. आणि एवढा सगळा अभ्यास करून नीलम नापास झाली होती.

"झोपली की हळूच काढू या," ओला नॅपकिन पिळत कौस्तुभ म्हणाला. "कळणारही नाही तिला."

"आणि उठल्यावर? तिला वाटेल, या घरात डोळा लागला की आपलं असलेलं जातं."

कौस्तुभने नॅपकिन रसिकाच्या मानेवर ठेवायचा प्रयत्न केला, तिने मान फिरवली.

नीलम उठली. आत जाऊन स्टुलावर चढली, माळ्यावरची बॅग ओढली आणि महाबळेश्वरला घेतलेला आपला जाडजूड स्वेटर बाहेर काढला. डांबरगोळ्यांच्या वासासकट तो अंगात घातला, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि हॉलमध्ये येऊन फरशीवर, रसिकापासून हातभर अंतरावर बसली.

"नीलम, अगं काय चाललंय?" कौस्तुभने विचारलं.

"थंडी वाजतेय," ती म्हणाली.

"घ्या! एकीला समजावत होते, तर आता दोघी!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. पण आत जाताना पंखा त्यांनीच पाचवर केला.

दुपार रेंगाळत चालली होती. पडदा फुगायचा, पडायचा. खालून भंगारवाल्याची हाक आली आणि लांब गेली. लोकरीच्या आत घाम ओघळत होता, डोळे जड होत होते. अर्धवट झोपेत नीलमला तो पलंग दिसला. त्यावर मांडलेली झबली, विजारी, मोजे हळूच उठत होते, रांगत बाल्कनीकडे चालले होते, कठड्यावरून अलगद खाडीकडे तरंगत होते. उन्हाळ्याचे, पावसाचे, थंडीचे, सगळे रिकामे दिवस. तिला त्यांना थांबवावंसं वाटलं नाही. जा बाबांनो, ती मनात म्हणाली, आता तुमचं काम नाही.

हनुवटीला काहीतरी लागलं.

रसिका समोर उभी होती. तिने नीलमच्या हनुवटीवरचा घामाचा थेंब बोटाने टिपला आणि ते बोट निरखून पाहिलं. मग तिला चेनचं चमकतं टोक दिसलं. नीलम हलली नाही. श्वाससुद्धा तिने बेताने घेतला. पोरीने ते टोक चिमटीत धरलं, निसटलं, पुन्हा धरलं आणि खाली ओढलं. चेन पोटापर्यंत उघडली. गळ्याशी गार वारा शिरला आणि नीलमच्या तोंडून नकळत निघालं, "हाश्श!"

रसिका हसली नाही. क्षणभर तिने आपल्या स्वेटरच्या गळ्यावर हात फिरवला. मग तो सोडला आणि दोन्ही हात सरळ वर केले.

दारात कौस्तुभ नॅपकिन धरून उभाच होता. स्वेटर काढ म्हणतेय की उचलून घे म्हणतेय, ते नीलमला कळेना. तिने आधी उचलून घेतलं. पोरीचं अंग ताठ झालं नाही. स्वेटरचं मग बघू म्हणत नीलम तिला घेऊन बाल्कनीत गेली, बाहेर हवा कशी आहे ते दाखवायला.