उत्तर बंदराची ओळ

बाळंतपणाची रजा संपवून ऑफिसात परतले आणि साहेबांनी दूध पावडरीची ओळ माझ्या गळ्यात मारली. "आता तुला दुधातलं कळतं," म्हणाले.

आमच्या खोलीत दर महिन्याला देशाच्या आयातीचा तक्ता होतो. तेल, यंत्रं, औषधं, धान्य, सगळं टनांत. एखाद्या बंदराचं पत्र वेळेत आलं नाही, तर मागच्या महिन्याचा आकडा पेन्सिलीने पुढे ओढायचा; पत्र आलं की शाईने पक्का करायचा. उत्तर बंदराच्या पावडरीपुढे सात महिने एकच आकडा होता. चारशे बारा. पेन्सिलीतच.

सात महिन्यांपूर्वीच त्या बंदराचा धक्का वादळात बुडाला. आजवर ही ओळ सांभाळणाऱ्या ताईंचे यजमान तिथे वजनकाट्यावर होते. ते सापडलेच नाहीत.

"ताई, ही पावडर येते कुठून?"

"पत्र उशिरा येतंय गं."

"धक्काच नाही, तर पत्र कोण लिहिणार?"

"कालची पोर तू, मला शिकवतेस?" त्या हसल्या आणि कोरडं टेबल तळव्याने पुसत राहिल्या. "शून्य लिहिलंस, तर ते गेले म्हणायचं का मी?"

पण तक्त्यात पावडर भरपूर, म्हणून वरचे लोक जादा मागवत नव्हते, आणि दुकानांत डबा मिळत नव्हता. सकाळीच लेकीचा डबा मी चमच्याने खरवडला होता. पाळणाघरातल्या काहींना तर तेवढंही नव्हतं.

मी खोडायला घेतलं. आकड्याचा चौकोन बोटाला ओला लागला, खारट वास आला. खोडलेला आकडा पुन्हा वर यायचा. तीनदा आला. शेवटी मी त्याच्यावरच शाईने शून्य काढलं.

तक्ता छापायला देण्याआधी एकीने वाचायचं, दुसरीने मूळ कागद बघून 'बरोबर' म्हणायचं, अशी आमची रीत. त्या दुपारी साहेब जेवायला गेलेले, खोलीत आम्ही दोघीच. ताई वाचत होत्या.

"उत्तर बंदर, दूध पावडर..."

त्या थांबल्या.

"शून्य."

"बरोबर."

मी तोंड उघडलंच नव्हतं. आवाज पुरुषाचा होता, दमलेला, ताईंच्या खुर्चीमागून.

ताईंनी वळून पाहिलं नाही. घरात बोलावं तशा हळूच म्हणाल्या, "कळलं हो मला." आणि पुढची ओळ वाचायला घेतली.