वळणावरचा गतिरोधक

सीमाभागातल्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीजवळच्या छोट्या दवाखान्यात मंगल सिस्टर अकरा वर्षं काम करत होती आणि एवढ्या वर्षांत तिच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला नव्हता. बेळगुंदीची, शेतकऱ्याच्या घरातली बाई. हात हलका, मन त्याहून मऊ. मऊ मनही माणसाला गोत्यात आणतं, हे तिला अजून कळायचं होतं.

कारखाना सुटला की पुढच्या वळणावर मोटरसायकली अडवल्या जात. कधी मराठी टोळकं, कधी कन्नड. काहीतरी विचारायचं, उत्तर कुठल्या भाषेत येतं ते ऐकायचं आणि हात चालवायचा. मार खाऊन आलेल्याची विनवणी मात्र दोन्ही भाषांत एकच: पडलो म्हणून लिहा. मारहाण लिहिली की पोलिसांना कळवणं आलं. मग ठाण्यात खेटे, बुडालेली हजेरी, आणि दुसऱ्या दिवशी घरी जायचा रस्ता पुन्हा तोच. म्हणून मंगल रजिस्टरात कारणाच्या रकान्यात लिही, 'गाडीवरून पडून'. आपण पुण्य करतोय असं तिला वाटे, आणि खोटं कशाला बोला, तसं वाटणं तिला आवडतही होतं.

उन्हाळ्यात निपाणीची श्रद्धा तिच्याकडे आली. अशा मारहाणींच्या नोंदी एका जागी आणायचं काम एका संस्थेनं तिला दिलं होतं. पोरगी हुशार, मराठी आणि कन्नड दोन्ही सारख्याच सफाईनं बोलणारी.

"मराठीवाल्यांच्या यादीत फक्त मराठी माणसं मार खातात, कन्नडवाल्यांच्या यादीत फक्त कन्नड," ती म्हणाली. "दोघं एकमेकांची यादी खोटी म्हणतात. पोलिसांकडं सगळीच किरकोळ भांडणं. आक्का, तुमचं रजिस्टर तेवढं कुणाच्या बाजूचं नाही."

मंगलनं रजिस्टर पुढं सरकवलं. भाषेवरून मारहाण, वर्षभरात एकही नाही. वळणावर गाडीवरून पडलेले, एकोणीस. श्रद्धाचा चेहरा उतरला. तिला खरं सांगावं असं मंगलच्या ओठांवर आलं, पण खोट्या नोंदी म्हणजे नोकरीवर पाणी. ती गप्प बसली.

श्रद्धा मात्र हाती आलेला आकडा वाया घालवणाऱ्यांतली नव्हती. भाषेसाठी नाही तर नाही, रस्त्यासाठी तरी उपयोगी पडेल, म्हणून तिनं ते एकोणीस अपघात रस्त्याच्या खात्याला कळवले. सरकारी काम म्हणजे वर्षाची निश्चिंती, असं समजणाऱ्या सगळ्यांना तोंडघशी पाडत महिन्याभरात वळणावर चांगला उंच गतिरोधक झाला. मंगलला त्याचं हसूच आलं. झाला तर झाला, कुणाचं काय बिघडतंय, असं तिला वाटलं.

पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी भरमू नावाचा फाउंड्रीत लोखंड ओतणारा कामगार आला. भुवई फाटलेली, डावा डोळा सुजून बंद. मंगल जखम पुसायला लागली.

"वळणावर?"

"व्हय. आधी गाडी दामटून निसटता यायचं वो. आता त्या गतिरोधकावर हळू व्हायलाच लागतंय. तितंच उभी ऱ्हात्यात. लई सोय झालीया त्यांची."

मंगलचा हात थांबला. गतिरोधक तिथं कुणाच्या खोट्या नोंदींमुळं आला होता, ते तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तिला शरम वाटली, इतकी की त्याच्या उघड्या डोळ्याकडे बघवेना.

"पडलो म्हणून लिवा आक्का," भरमू म्हणाला.

"न्हाय लिहिणार," ती म्हणाली, आणि जे श्रद्धाला सांगितलं नव्हतं ते त्याला सांगून टाकलं. एकोणीस माणसं, एकही पडलेला नाही, सगळं तिच्याच हातचं, आणि त्यावरून झालेला तो गतिरोधक. आता त्यानं शिव्या द्याव्यात, उठून जावं, डॉक्टरसाहेबांकडे तक्रार करावी, काहीही करावं, असं तिला वाटलं.

कापसातून पाणी गळत होतं.

"त्या एकोणिसात मी हाय," तो म्हणाला. "संक्रांतीच्या आदी आलतो. मीच तुमच्या हाता-पाया पडलोतो, पडलो म्हणून लिवा म्हणून."

मंगलनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तिला तो आठवेना. एकोणिसांतला एकही चेहरा तिला आठवेना.

"समदा दोस एकटीच्या नावावर घिऊ नगासा," भरमू म्हणाला. "त्या पोरीला फोन लावा. यादी माझ्यापास्नं सुरू करा म्हणावं. दोन खेपेचं सांगतो, सही बी करतो."

तिनं रजिस्टर मागं मागं चाळत नेलं. जानेवारीच्या पानावर तिच्याच सुबक अक्षरात तो होता: भरमू, वय चौतीस, गाडीवरून पडून. त्याखाली तिनं आजची तारीख घातली, 'वरील कारण खोटे आहे' असं लिहिलं, आपली सही केली आणि पेन त्याच्या हातात दिलं.