बाराशे वीस मिलीमीटर

राज्य कायद्यावर उभं राहतं, सैन्यावर टिकतं, पण इतिहासात जातं ते आपल्या छपराच्या जोरावर. हे वाक्य रायपूरजवळच्या सिलतऱ्यातल्या एका पत्र्याच्या कारखान्याने नव्या राज्याच्या चौथ्या वर्षी कॅलेंडरावर छापलं होतं. त्याच कॅलेंडरात एप्रिल महिना एकतीस दिवसांचा होता. तरीही रायपुरातल्या निम्म्या कचेऱ्यांच्या भिंतींवर ते डिसेंबरपर्यंत लटकत राहिलं आणि कोणाचंही काही अडलं नाही.

मारोती मेश्राम त्या कारखान्यात यंत्र चालवायचा. त्याआधी पंधरा वर्षं त्याने कारखान्याच्या मालकांच्या, म्हणजे शेठजींच्याच, स्पंज आयर्नच्या (कच्च्या लोखंडाच्या) भट्टीवर काढली होती. तेव्हा घरी येऊन अंघोळ केली की मोरीतलं पाणी काळं व्हायचं, आणि खोकला काही अंघोळीने जात नसे. दोन वर्षांपूर्वी शेठजींनी पत्र्याचं यंत्र आणलं आणि मारोतीला त्यावर बसवलं. यंत्राच्या एका तोंडातून सपाट पत्र्याची गुंडाळी, म्हणजे कॉइल, आत जाते आणि दुसऱ्या तोंडातून घड्या पडलेला छपराचा पत्रा बाहेर येतो. मोरीतलं पाणी निवळलं. खोकला अर्ध्यावर आला. मारोतीला आयुष्याकडून याहून जास्त काही नको होतं, आणि ते आयुष्याला बहुधा कळलं असावं.

कारण त्या उन्हाळ्यात सरकारी ऑर्डर आली. नव्या राजधानीच्या जागेवर एका खात्याच्या गाड्यांच्या शेडवर छत घालायचं होतं. कागदावर लिहिलं होतं: छताची लांबी साडेछत्तीस मीटर, तयार पत्र्याची रुंदी बाराशे वीस मिलीमीटर, पत्रे तीस.

मारोतीने कागद दोनदा वाचला आणि खाली बसला. बाराशे वीस ही कॉइलची रुंदी होती. सपाट असताना ती बाराशे वीस असते. पाच उंच घड्या पडल्या की ती आक्रसते, आणि शेजारच्या पत्र्यावर एक घडी चढवली की एका पत्र्याने झाकलं जातं ते फक्त हजार मिलीमीटर, म्हणजे एक मीटर. तीस पत्र्यांत तीस मीटर. उरलेले साडेसहा मीटर उघडेच राहणार.

चूक कुठून आली तेही त्याला ठाऊक होतं. खात्याने मापं मागवली तेव्हा शेठजींच्या मुनीमजींनी कॉइलवर चिकटवलेली चिठ्ठी सोलून, अर्जाला टाचणी लावून पाठवून दिली होती.

"तो बड़ी कॉइल मंगवा लो," शेठजी म्हणाले. ते समता कॉलनीतल्या दवाखान्यातून दात काढून आले होते आणि गालावर रुमाल धरून बोलत होते.

"शेठजी, यंत्राचं तोंड साडेबाराशेचं आहे. यांना पाहिजे ती कॉइल साडेचौदाशेची लागेल."

"तो मोड़ कम कर दो."

"रोलर बसलेत शेठजी. ते कमी घड्या पाडत नाहीत. त्यांना दुसरं काही येत नाही."

"मारोती," शेठजींनी रुमाल काढला, "ये मशीन तेरे भरोसे ली थी. माल वापस आया, तो मशीन सूरतवाले व्यापारी को बेच दूँगा. और तू भट्ठी देख लेना."

एवढं बोलून त्यांनी रुमाल परत गालावर लावला.

खातं एका जुन्या इस्पितळाच्या वॉर्डात भरायचं. ज्युनियर इंजिनियर पद्मजा देशकर यांचं टेबल 'शांतता राखा' या अर्थाच्या हिंदी पाटीखाली होतं, आणि त्या पाटीखाली खात्यातला सगळ्यात जास्त गोंधळ चालायचा.

"बसा मारोतीभाऊ. मूळचे कुठले तुम्ही?"

"पवनीचा. मॅडम, पत्र्याचं माप चुकलं हाय."

"मी वरोऱ्याची. काहून चुकलं?"

मारोतीने टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं, त्याला पाच घड्या पाडल्या आणि समोर ठेवलं. "आता पाहा. पेपर किती राहिला?"

"वाचण्याइतका तर नाही राहिला," पद्मजा मॅडम म्हणाल्या. मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "समजलं मला. मी इंजिनियर आहे, बाप्पा. पण दुरुस्ती करायची तर आधी चूक कोणाची ते लिहा लागते. तो रकाना आहे. माप मी उतरवलं, म्हणून त्या रकान्यात माझं नाव येते. मग फाईल वर जाते, वरचे विचारतात की आधी काहून नाही पाहिलं. तोपर्यंत वर्ष संपते आणि शेडच रद्द होते. तुमची ऑर्डर गेली, माझी बदली झाली. बस्तरात."

"मंग मी कोणती कॉइल लावू?"

"बाराशे वीस लिहिलं आहे ना? बाराशे वीसचीच लावा."

"पण मॅडम, छत उघडं राहीन."

"ते छताचं पाहू. आता आपण पत्र्याचं बोलून राहिलो."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोने, मायाने, विषय काढला. रात्री ती मारोतीशी कामाचं बोलत नसे, कारण मग दोघांचीही झोप जायची. "लिहून द्या तुमी," ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "का छत उघडं पडीन म्हणून. लिहून देल्लं का आपला हात सुटते."

"अन् नोकरी?"

"ते लिहून नका देऊ."

मुलगी रुचिता डबा भरत होती. "पापा, आप साइट पे जाके देख क्यों नहीं लेते?" तिला मराठी समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

"तिथं काय पाहाचं? कागदावर लिहिलं हाय ना," मारोती म्हणाला. आतापर्यंत तोही कागदाला बराच मानायला लागला होता.

त्याने बाराशे वीसची कॉइल लावली आणि तीस पत्रे काढले. तपासणीला पद्मजा मॅडम स्वतः सिलतऱ्याला आल्या. दुपारची वेळ होती, डोक्यावर ओढणी आणि ओढणीवर काळी धूळ. त्यांनी पर्समधून शिंप्याची कापडी टेप काढली. पहिल्या पत्र्याच्या काठापासून सुरुवात करून त्या टेप दाबत गेल्या: घडीवर चढवली, माथ्यावरून नेली, उतारावरून खाली आणली, पुन्हा पुढच्या घडीवर. पाचही घड्या अशा पार करून पलीकडच्या काठाला पोचल्या.

"बाराशे वीस," त्या म्हणाल्या.

मारोतीने टेपकडे बोट दाखवलं. "मॅडम, हे तर कॉइलचं माप झालं."

"पत्रा आहे की नाही हा?"

"हो जी."

"तयार आहे?"

"हो जी."

"मग तयार पत्र्याचं माप झालं." त्यांनी सही केली. टेप गुंडाळताना हळूच म्हणाल्या, "मीही थकली मारोतीभाऊ. घरी जाऊन पिठलं टाकायचं आहे."

मारोतीने खिशातून चिठ्ठी काढली. साडेसहा मीटर छत उघडं राहील असं तिच्यात लिहिलं होतं. मॅडमनी ती वाचली, कचेरीत नेऊन तिच्यावर आवकचा शिक्का मारीन म्हणाल्या, आणि मारलाही. आता चूक अधिकृत झाली.

पत्रे गेले. शेठजी खूश झाले, त्यांनी नवीन दात बसवून घेतला. पण मारोतीचा खोकला वाढला. यंत्र चालू असताना त्याला भट्टीच दिसायची. शेडवर पत्रे चढतील, टोकाला आभाळ दिसेल, कोणीतरी साहेब गाडीतून उतरून वर पाहील, आणि मग फोन येईल. रोज दुपारी मुनीमजींचा फोन वाजला की त्याचा हात यंत्र बंद करायच्या बटणाकडे जायचा. दीड महिना असा गेला. फोन आले, पण ते गोल बाजारातल्या भांडेवाल्यांचे होते. त्यांना दुकानापुढच्या सावलीसाठी पत्रे हवे होते.

शेवटी एका रविवारी तो मायाला स्कूटरवर मागे बसवून साइटवर गेला. माया म्हणाली होती, उघडं असन तर उघडं पाहून घेऊ, नाही पाहिलं तर जास्त उघडं वाटते. रस्ता नवा होता आणि दोन्ही बाजूंना बांध घातलेली धानाची शेतं होती, ज्यांना आपण राजधानी आहोत हे अजून कोणी सांगितलं नव्हतं.

शेड दिसली. मारोतीने स्कूटर थांबवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्रा होता. आभाळ कुठेच दिसत नव्हतं. पलीकडच्या टोकाला, शेवटच्या खांबाला जवळजवळ खेटून, विजेचा एक जुना खांब उभा होता.

"अजी, पुरले की," माया म्हणाली.

"पुरूच नाही शकत," मारोती म्हणाला, आणि त्याचा आवाज दुखावल्यासारखा झाला.

चौकीदार खाटेवरून उठून आला. "का देखत हव, भैया?"

"ये शेड साढ़े छत्तीस मीटर है न?"

"मोला का मालूम. दो साल हो गे ढाँचा खड़े होय. ठेकेदार बनात-बनात आइस, आगे बिजली के खंभा मिल गे. खंभा दूसर विभाग के हे. त उही करा, खंभा के आगू, ढाँचा रोक दिस."

"किसी ने नापा नहीं?"

"कोन नापही? कागज मा तो लिखाय हे."

मारोतीने खिशातली टेप काढली. मायाने एक टोक धरलं. पाच-पाच मीटर करत ते दोघं उन्हात शेडच्या या टोकापासून विजेच्या खांबापर्यंत चालत गेले.

शेड तीस मीटरची होती.